पाण्याची वाट आणि वाढतं पुणे

आंबिल ओढा कात्रजच्या डोंगरात सुरू होतो आणि दांडेकर पुलापुढे मुठेला मिळतो. निम्मं आयुष्य पुण्यात काढलेल्या माणसालाही तो कुठून कुठे वाहतो हे सांगता येत नाही, कारण वर्षाचे बहुतेक महिने तो ओढा म्हणून दिसतच नाही. दिसतं ते सांडपाणी, दोन्ही काठांवरच्या भिंती आणि मध्ये टाकलेला राडारोडा. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री शहराच्या दक्षिण भागात काही तास मुसळधार पाऊस झाला आणि या ओढ्याने अरण्येश्वर, टांगेवाला कॉलनी, पद्मावती, दांडेकर पूल हा सगळा पट्टा उद्ध्वस्त केला. पुणे आणि परिसरात वीसहून अधिक माणसं गेली. दुचाक्या एकमेकींवर रचल्यासारख्या चढल्या होत्या, मोटारी झाडांना टेकून उभ्या होत्या, गोठ्यातली जनावरं दावणीलाच बुडाली होती. त्या रात्री कुठलं धरण फुटलेलं नव्हतं. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटल्यापासून पुणेकरांच्या लेखी पूर म्हणजे मुठा, नदीकाठच्या पेठा आणि धरणाचं पाणी. 2019 चा पूर डोंगराच्या बाजूने आला, आणि पूर आपल्यापर्यंत येऊ शकतो असं ज्यांच्या स्वप्नातही नव्हतं त्यांच्या घरात शिरला.

हे पुस्तक लिहायला घेतलं ते त्या रात्रीमुळे. हवामानबदलावर मराठीत आता बरंच लिहिलं जातं. ध्रुवावरचं बर्फ, हिमालयातल्या हिमनद्या, आंतरराष्ट्रीय परिषदा यांची माहिती वाचकाला आहे. ती हवीच. पण आपल्या गल्लीतल्या मोरीपाशी हा बदल कसा येऊन ठेपतो, याचं वर्णन मला कुठे सापडेना. माझं म्हणणं थोडक्यात असं आहे: पाऊस बदलला आहे, ऊन बदललं आहे, यात शंका उरलेली नाही, पण त्यातून संकट किती मोठं होणार हे आपण जमिनीचं काय करून ठेवलं आहे यावर ठरतं. आणि जमिनीचे निर्णय नगररचना विभागात, बांधकाम परवानगीच्या फायलीत, ठेकेदाराच्या निविदेत होत असतात. तिथे आपलं म्हणणं पोचू शकतं. म्हणून या विषयाकडे हताशपणे पाहण्याचं कारण मला दिसत नाही.

पावसापासून सुरुवात करू. हा अभ्यास करायला पुण्याइतकी सोयीची जागा देशात दुसरी नसेल. शिवाजीनगरला ज्याला जुनी माणसं अजून ‘सिमला ऑफिस’ म्हणतात, ते हवामान खात्याचं कार्यालय 1928 साली सिमल्याहून इथे आलं. पाषाणला भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्था आहे. बी. एन. गोस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2006 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात 1951 ते 2000 या काळातल्या पर्जन्यनोंदी मांडून दाखवलं की मध्य भारतात मोसमी पावसाची सरासरी फारशी हललेली नाही, पण अतिमुसळधार पावसाच्या घटना वाढल्या आहेत आणि मध्यम पावसाच्या कमी झाल्या आहेत. 2017 साली पाषाणच्या संस्थेतले रॉक्सी कोल आणि सहकाऱ्यांनी 1950 ते 2015 ची आकडेवारी तपासली, तेव्हा मध्य भारतात मोठ्या भूभागावर एकाच वेळी होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्याचं दिसलं. कारण समजायला अवघड नाही. हवा एक अंश सेल्सिअसने तापली की तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते. अरबी समुद्र तापला आहे, त्यावरून येणारं वारं अधिक बाष्प घेऊन येतं, आणि ते थोडक्या तासांत रितं होतं.

सरासरी न हलणं ही शहराच्या दृष्टीने फसवी गोष्ट आहे. पुणे शहरात वर्षाला साधारण सातशे मिलिमीटर पाऊस पडतो. तो चार महिने रिपरिप पडला तर जमीन पितो, विहिरी भरतो. त्यातलाच सातवा हिस्सा एका संध्याकाळी पडला तर वर्षअखेरीच्या तक्त्यात काहीच वेगळं दिसत नाही, आणि तरी मधल्या काळात माणसं वाहून गेलेली असतात.

हिशेब करून पाहू. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. एक हेक्टरवर शंभर मिलिमीटर पडला तर दहा लाख लिटर. दहा हेक्टरच्या उतारावर एक कोटी लिटर. उतार गवताचा असेल, मध्ये ताली असतील, माती भुसभुशीत असेल तर यातलं बरंच पाणी मुरतं, आणि उरलेलं उशिरा, टप्प्याटप्प्याने ओढ्यात येतं. त्याच उतारावर इमारती, डांबर आणि पेव्हिंग ब्लॉक आले की जवळजवळ सगळं पाणी एकदम, अर्ध्या-पाऊण तासात खाली येतं. पाऊस तेवढाच असला तरी ओढ्याला आलेला लोंढा कितीतरी मोठा असतो. आपल्याकडे पाऊसही वाढला आणि उतारही झाकले गेले. या दोन गोष्टी एकाच वेळी झाल्या, आणि दुसरी पूर्णपणे आपल्या हातातली होती.

आता मोरी. पुण्याच्या उपनगरात अशा शेकडो मोऱ्या आहेत, त्यातली कुठलीही एक जवळून पाहावी. वर डांबरी रस्ता, खाली सिमेंटचे दोन-तीन नळ. वरच्या अंगाला एका सोसायटीची सीमाभिंत, तिचा पाया ओढ्याच्या पात्रातच घेतलेला. पलीकडच्या काठावर भराव टाकून केलेलं पार्किंग. म्हणजे जुन्या नकाशात जे पात्र दहा-बारा मीटर दिसतं ते प्रत्यक्षात चार मीटरवर आलेलं. नळांच्या तोंडाशी फाटकी गादी, थर्मोकोल, नारळाच्या झावळ्या, निर्माल्याच्या गाठी मारलेल्या पिशव्या. मे महिन्यात नालेसफाईचं मशीन येतं, गाळ काढतं आणि काठावर ढीग लावून जातं; ढीग वेळेत उचलला नाही तर पहिल्या वळवाला तो परत पात्रात. मग एखाद्या संध्याकाळी वर मोठा पाऊस होतो. नळ तुंबतात, पाणी मोरीमागे चढत जातं, सीमाभिंत धरणाच्या भिंतीसारखं पाणी धरून राहते. ती त्यासाठी बांधलेलीच नसते. साध्या विटांची किंवा काँक्रीट ब्लॉकची भिंत, आत सळई नाही, पाणी झिरपून जायला भोकं नाहीत. ती कोसळली की अडलेलं सगळं पाणी एका दमात खालच्या वस्तीवर. टांगेवाला कॉलनीत माणसं दगावली ती भिंत पडून आलेल्या पाण्याने. पाणी हळूहळू चढलं असतं तर माणसं गच्चीवर गेली असती. अशा लोंढ्यापुढे तेवढा वेळच मिळत नाही.

ओढ्यांशी कसं वागावं हे या शहराला ठाऊक नव्हतं असं नाही. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजला तलाव बांधून तिथलं पाणी जमिनीखालच्या दगडी नळातून शनिवारवाड्यापर्यंत आणलं गेलं. वाटेत हवा खेळावी, गाळ काढता यावा म्हणून उच्छ्वास ठेवले, आणि शहरभर हौद बांधले. आंबिल ओढ्याचा प्रवाह तेव्हाच वळवला गेला, त्यावर पर्वतीच्या पायथ्याशी तळं झालं. आज तिथे सारसबाग आहे आणि गणपतीला अजून ‘तळ्यातला गणपती’ म्हणतात. म्हणजे अठराव्या शतकातही ओढ्यात हस्तक्षेप झाला होता. पण तो करणाऱ्यांना पाणी किती येतं, कुठून येतं, कुठे जाणार हे माहीत होतं, आणि वळवलेल्या पाण्याला त्यांनी दुसरी वाट दिली होती. मी पेशवाईचे गोडवे गाण्यासाठी हे लिहीत नाही. त्या हौदांवर कोणी पाणी भरायचं आणि कोणी नाही, हा इतिहासही आपल्याला माहीत आहे. एवढंच म्हणायचं आहे की ओढ्याचा हिशेब ठेवणं हे नगर वसवणाऱ्याचं पहिलं काम मानलं जायचं.

आणि आता शहर वाढतं आहे, त्याचा वेग ध्यानात घ्यायला हवा. 2001 च्या जनगणनेत पुणे महापालिकेची लोकसंख्या 25 लाखांच्या आसपास होती, 2011 ला 31 लाखांवर गेली. त्यानंतर जनगणना झालीच नाही आणि अंदाजावर कारभार चालला. 2017 साली अकरा गावं महापालिकेत आली, 30 जून 2021 ला आणखी तेवीस. हद्द पाचशे चौरस किलोमीटरांच्या वर गेली, क्षेत्रफळात पुण्याने मुंबईलाही मागे टाकलं. गाव हद्दीत येतं त्याच्या आधीच तिथे इमारती उभ्या राहिलेल्या असतात. ग्रामपंचायतीच्या काळात शेताचे बांध मोडून प्लॉटिंग झालेलं असतं, ओघळ बुजलेले असतात. जलवाहिनी, सांडपाण्याची वाहिनी, पावसाळी गटारं मागाहून. तोवर वर्षाकाठी टँकरच्या लाखो खेपा. जानेवारी 2025 मध्ये नांदेड, किरकटवाडी, धायरी या सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात गियाँ-बारे सिंड्रोमचे रुग्ण मोठ्या संख्येने सापडले, तेव्हा संशय दूषित पाण्याकडे गेला आणि या भागांना शुद्ध केलेलं पाणी अजून मिळत नसल्याचं साऱ्या राज्याला कळलं. तो आजार हवामानबदलाने आणलेला नव्हता. पण ज्या वस्तीत पाण्याची साधी हमी नाही, तिथे जास्तीचा पाऊस आणि जास्तीचं ऊन काय करेल हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

याच वाढीची दुसरी बाजू कोंढव्यात दिसली. 29 जून 2019 च्या पहाटे मोठ्या पावसात एका इमारतीची संरक्षक भिंत शेजारच्या मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांवर कोसळली. पंधरा जण गेले, त्यात मुलं होती. बिहारहून आलेली ही माणसं पुण्याची घरं बांधत होती. हा दिवस आणि आंबिल ओढ्याची रात्र यांत तीन महिन्यांचंही अंतर नाही. दोन्हीकडे पावसाला नाव ठेवून मोकळं होता आलं असतं. दोन्हीकडे भिंत पडली होती, आणि तिच्या सावलीत राहावं लागणारे लोक कोण होते हेही दोन्हीकडे सारखंच होतं.

धरणाचा प्रश्न वेगळा आहे आणि मला तो सर्वांत अवघड वाटतो. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर मिळून सुमारे 29 टीएमसी पाणी साठतं. त्यावर पुणे शहर जगतं, आणि कालव्यातून हवेली, दौंड, इंदापूरची शेतीही. पण खडकवासल्याची स्वतःची साठवण दोन टीएमसीच्या आत आहे. वरची धरणं अजून भरायची असली, तरी खडकवासल्याच्या लगतच्या डोंगरात एका रात्रीत मोठा पाऊस झाला तर ते काही तासांत काठोकाठ भरतं आणि दरवाजे उघडावेच लागतात. 25 जुलै 2024 ला तेच झालं. शिवाजीनगरला चोवीस तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस, आणि खडकवासल्यातून 35 हजार क्युसेकच्या वर विसर्ग, म्हणजे दर सेकंदाला जवळजवळ दहा लाख लिटर. सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरी, निंबजनगरच्या सोसायट्यांत पहाटे पाणी शिरलं, लोकांना काढायला लष्कर बोलवावं लागलं. डेक्कनला पुलाच्या वाडीत हातगाडी हलवताना विजेचा धक्का बसून तीन तरुण गेले. इतकं पाणी सुटणार हे आपल्याला वेळेत सांगितलं नाही, अशी रहिवाशांची तक्रार होती.

पाटबंधारे खात्याने आधीच थोडं थोडं पाणी सोडून जागा करून ठेवावी, हे बोलायला सोपं आहे. सोडलं आणि ऑगस्ट कोरडा गेला तर मार्चमध्ये शहराला दिवसाआड पाणी, आणि दौंडच्या शेतकऱ्याचं आवर्तन रद्द. तो निर्णय घेणाऱ्या अभियंत्यावर दोन्ही बाजूंनी रोष येणार. यातून वाट निघते ती अंदाज आणि जबाबदारी यांची सांगड घालून. दोन-तीन दिवस आधीचा पावसाचा अंदाज आता पूर्वीपेक्षा बराच भरवशाचा झाला आहे. त्या अंदाजावर किती पाणी सोडायचं याचा नियम आधीच ठरलेला आणि जाहीर असावा, म्हणजे तो अधिकाऱ्याच्या एकट्याच्या धाडसावर राहणार नाही. आणि किती विसर्गाला कुठल्या सोसायटीच्या कितव्या पायरीपर्यंत पाणी येतं, हे तिथल्या रखवालदाराला पाठ असावं. नदीकाठच्या पूररेषांचंही तसंच: निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल रेषा म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणारा, अशी व्याख्या आहे. पाऊसच बदलत असताना या रेषा जुन्या नोंदींवर तशाच ठेवून चालणार नाही. त्या पुन्हा आखाव्या लागतील, आणि आखल्या की बऱ्याच जमिनींचे भाव पडतील. विरोध नेमका तिथून होतो. मुळा-मुठेच्या 44 किलोमीटर काठाच्या सुशोभनाचा जो प्रकल्प चालू आहे, त्यावर नदीप्रेमी नागरिकांचा मुख्य आक्षेपही हाच आहे की भिंती आणि भरावाने पात्र अरुंद होईल. मला तो आक्षेप पटतो. पाणी वाढणार असेल तर नदीला आजच्यापेक्षा जास्त जागा लागेल.

पावसाचं संकट दिसतं, त्याची छायाचित्रं येतात. उन्हाचं तसं नाही. बांधकामावरच्या मजुराची खोली मे महिन्याच्या दुपारी तीन वाजता पाहिली पाहिजे. दहा बाय दहा, चारी बाजूंना पत्रा, वर पत्रा, एक दार, खिडकी नाही. आत हात लावावा ती वस्तू तापलेली; पिंपातलं पाणी अंघोळीला ऊन करून काढल्यासारखं. बायका तान्ही मुलं घेऊन अर्धवट बांधलेल्या इमारतीच्या तळमजल्यावर जातात, तिथे निदान सावली आणि वारा असतो. रात्री पत्रा निवतो, पण भोवतालचं काँक्रीट दिवसभर घेतलेली धग सोडत राहतं. पुण्याची रात्र थंड, हे पूर्वी घरातल्या पाहुण्यांना अभिमानाने सांगितलं जायचं. आता वरच्या मजल्यावरच्या माणसाला बारा वाजेपर्यंत झोप लागत नाही, आणि ज्याने दुसऱ्या दिवशी पुन्हा उन्हात स्लॅब भरायचा आहे त्याचं शरीर रात्रीही निवत नाही. उष्माघात बहुतेकदा असाच साचत येतो.

या बाबतीत शिकायचं तर अहमदाबादकडून. मे 2010 मध्ये तिथे उष्णतेची भीषण लाट आली. नंतरच्या अभ्यासात त्या एका महिन्यात तेराशेहून अधिक जादा मृत्यू झाल्याचं दिसलं. महापालिकेने तज्ज्ञांना बरोबर घेऊन 2013 साली उष्णता कृती आराखडा केला, दक्षिण आशियातला पहिला. तापमानानुसार रंगांचे इशारे, रुग्णालयांतल्या कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण, उन्हात काम करणाऱ्यांसाठी पाणी आणि सावली, पुढे वस्त्यांतल्या छपरांना पांढरा चुना. यात अवघड तंत्रज्ञान काही नाही. इशारा आला की कोणी कोणाला फोन करायचा हे ठरलेलं असणं, एवढंच त्याचं बळ. पुण्यात बांधकाम परवानगी देतानाच दुपारी बारा ते चार काम बंद, पत्र्याऐवजी सावलीची खोली आणि पिण्याचं पाणी या अटी घालता येतात, आणि त्या मोडल्या तर काम थांबवता येतं.

इतर शहरांबद्दल पुढे स्वतंत्र प्रकरण आहे, म्हणून इथे थोडक्यात. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मुंबईतली बहुतेक गटारं तासाला 25 मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेली होती. माधवराव चितळे यांच्या समितीने त्यानंतर मिठीसह साऱ्या जलप्रवाहांचा विचार केला, शहरभर पर्जन्यमापक बसले, हिंदमाताचं पाणी साठवायला मैदानांखाली टाक्या झाल्या. काम झालं, पण त्यासाठी मोजलेली किंमत भयंकर होती. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे नागपुरात अंबाझरी तलाव भरून वाहिला आणि नाग नदीने काठच्या वस्त्या बुडवल्या. तिथेही पावसाचे काही तास पुरले.

पुण्याच्या हातात अजून काही गोष्टी आहेत, म्हणून मी आशेने लिहितो आहे. 1997 साली हद्दीत आलेल्या गावांमधल्या टेकड्यांवर सुमारे 978 हेक्टर जमीन जैवविविधता उद्यानासाठी आरक्षित झाली, ती नागरिकांच्या चिवट पाठपुराव्यामुळे. तिच्यातला बराच भाग अजून ताब्यात यायचा आहे आणि अतिक्रमण रोज होतं आहे; पण आरक्षण टिकून आहे. या टेकड्या बेसॉल्टच्या. त्यातल्या भेगांमधून मुरलेलं पाणी बावधनच्या झऱ्यासारख्या झऱ्यांना येतं, रामनदीला येतं. वरचा उतार मोकळा राहिला तर खालच्या मोरीवरचा भार कमी होतो आणि उन्हाळ्यात विहिरीला पाणी राहतं. पूर आणि टंचाई या दोन्हींवरचा हा एकच उपाय आहे, आणि तुलनेने स्वस्त आहे. समाविष्ट गावांतले ओढे अजून पूर्ण बुजलेले नाहीत. त्यांची मोजणी करून, दोन्ही काठांना जागा सोडून, त्या रेषा विकास आराखड्यात पक्क्या करणं आजही शक्य आहे. पाच वर्षांनी ते नसेल.

पण हे करताना एका गोष्टीवर माझा आग्रह आहे. जून 2021 मध्ये आंबिल ओढ्याच्या काठची दांडेकर पुलाजवळची घरं भर पावसाळ्यात, करोनाच्या दिवसांत पाडायला घेतली गेली. बायका-मुलं रस्त्यावर आली, मोठा विरोध झाला, न्यायालयाने स्थगिती दिली. ओढ्याला जागा मोकळी करायची हे योग्यच. परंतु ज्या सोसायट्यांनी वर पात्रात भिंती घातल्या, ज्या बिल्डरांनी नाला वळवून घेतला, ज्या अधिकाऱ्यांनी त्याला परवानगी दिली, त्यांच्यापासून सुरुवात का होत नाही? झोपडीवर पहिला बुलडोझर गेला की ओढ्याकाठचा माणूस पूरनियंत्रण या शब्दालाच घाबरू लागतो, आणि पुढच्या वेळी इशारा दिला तरी घर सोडत नाही. घर सोडलं तर परत येऊ देतील का, ही त्याची भीती खरी असते. पुनर्वसन आधी, तेही कामाच्या ठिकाणापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर, आणि मोजणी ओढ्याच्या उगमाकडून खाली, बंगल्याला आणि झोपडीला एकाच फुटपट्टीने. मार्च 2022 नंतर तीन वर्षांहून अधिक काळ महापालिकेत नगरसेवक नव्हते, प्रशासकाचा कारभार होता, आणि नेमके याच काळात समाविष्ट गावांचे मोठे निर्णय झाले. ज्यांच्या घरात पाणी शिरतं त्यांना विचारणारं सभागृह त्या वेळी नव्हतं. म्हणून पुढच्या प्रकरणांत मी नकाशांइतकीच जागा ओढ्याकाठच्या माणसांच्या सांगण्याला दिली आहे. पाणी पहिल्यांदा कुठल्या बाजूने आलं, भिंत कधी हलली, कोणाला हाक मारली, हे त्यांनी सांगितल्यावर काही ठिकाणी मला मूळ आखणी बदलावी लागली, आणि नकाशांवर त्या जागा वेगळ्या रंगाने दाखवल्या आहेत.